काना राहिला, मात्रा गेली

मित्रांनो, माझे दार उघडायचे असेल तर आधी जाड हातमोजे घाला, आणि काय हवे आहे ते ठरवूनच या. दार उघडे टाकून विचार करत उभ्या राहणाऱ्यांनी माझे निम्मे आयुष्य खाल्ले आहे. मी एका प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर. भाज्या आणि आइस्क्रीम ठेवणारा नव्हे. माझ्या पोटात शून्याखाली ऐंशी अंश थंडी असते, म्हणून इमारतीत सगळे मला 'ऐंशी' म्हणतात. नवीन माणसाला ते माझे वय वाटते. हल्ली मलाही तसेच वाटू लागले आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवला, पोटात नळ्यांची वेटोळी बसवली, दाराला जाड रबर लावले आणि पांढरा रंग दिला. प्रयोगशाळेत आलो तेव्हा मी दारातून आत जाईना. चार जणांनी चौकट काढली, मला आडवा केला, उभा केला, आणि घामाघूम होऊन भिंतीशी लावले. दुसऱ्या दिवशी माझा काटा उणे ऐंशीला टेकला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आजचा माझा थाट विचाराल तर माझ्या दाराचे रबर चिरले आहे, कॉम्प्रेसर खोकतो, आणि दार लागत नाही म्हणून येणारा-जाणारा मला गुडघा मारतो. बावीस वर्षांत बर्फ काढण्यापुरती सोडली तर मी रजा घेतली नाही. थंडी राखणे हे दमवणारे काम आहे, कारण ते कधी पूर्णच होत नाही.

माझ्या पोटात काय होते ते सांगतो. शिंपले. म्हणजे अख्खे नव्हेत, नदीतल्या काळ्या शिंपल्यांचे तांदळाएवढे तुकडे, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरलेले. अशा अकराशे नळ्या. त्या सगळ्या शिंपलेबाईंच्या. बाई या प्रयोगशाळेच्या प्रमुख. सगळा जन्म शिंपल्यांत घालवल्यामुळे त्यांचे मूळ आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक आहे.

बाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे शिंपले मुळात समुद्रातले. त्यांतले काही फार फार पूर्वी नद्यांमध्ये शिरले आणि तिथलेच झाले. चालायला एक जाड, जिभेसारखा पाय, आणि बाकी सगळा कारभार तोंड मिटून. पिल्ले तर माशाच्या कल्ल्यांना लटकतात आणि फुकटात नदीभर फिरून येतात. एवढ्या काळात त्यांची किती घराणी झाली, कोण कोणाचे भाऊबंद, कोण कधी वेगळे निघाले, हे बाईंना हवे होते. ते कळण्याचा एकच मार्ग, शिंपल्याचा जिनोम वाचायचा.

प्रत्येक जिवाच्या पेशीत तो जीव कसा घडवायचा याची चिठ्ठी असते, तोच जिनोम. चारच अक्षरांची, पण कोट्यवधी वेळा उलटसुलट लिहिलेली. ही झाली मोठी चिठ्ठी. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक कणांची स्वतःची एक छोटी चिठ्ठी असते. तुम्हा माणसांना ती फक्त आईकडून मिळते. नदीतल्या बऱ्याच शिंपल्यांत मात्र भलताच कारभार आहे. आई आपली छोटी चिठ्ठी सगळ्या मुलांना देते, आणि बाप आपली वेगळी छोटी चिठ्ठी फक्त मुलग्यांना देतो. मुलगा आईची चिठ्ठी अंगभर वागवतो आणि बापाची पोटात, जिथे पुढच्या पिढीचे बीज तयार होते तिथे. ही दोन घराणी एकाच शिंपल्यात राहूनही वीस कोटी वर्षांहून जास्त काळ एकमेकांत मिसळलेली नाहीत, असे शास्त्रज्ञ मानतात. एकाच घरात राहून न बोलणाऱ्या जावा मी ऐकल्या आहेत, पण इतका दीर्घ अबोला नाही.

म्हणून प्रयोगशाळेचा नियम असा, की भाऊबंदकी ताडायची तर पायाचा तुकडा वाचायचा. नराचे पोट वाचले तर बापाचे घराणे हाती येते आणि सगळा घोटाळा होतो. प्रत्येक शिंपल्याच्या दोन नळ्या करत, एक पायाची, एक पोटाची. टोपणावर शिंपल्याचा आकडा आणि खाली एक अक्षर. पायाला 'पा', पोटाला 'पो'.

ही अक्षरे मामा लिहीत. मामा प्रयोगशाळेतले मदतनीस. शिंपले आणायचे त्यांनी, उघडायचे त्यांनी, तुकडे कापून नळीत भरायचे त्यांनी. कंबरभर पाण्यात उभे राहून ते तळव्यांनी गाळ चाचपत, शिंपला लागला की बुडी मारून काढत. तीस वर्षांत त्या थंड पाण्याने त्यांचे गुडघे कामातून गेले होते. बाईंचे शोधनिबंध छापून येत, तेव्हा शेवटी आभार मानलेले असत, त्यात 'व इतर सहकारी' असे असे. ते इतर म्हणजे मामा. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. माझ्याजवळ उभे राहून गुडघे चोळत, एवढेच.

आता ज्या दिवसाने घात केला तो दिवस सांगतो. बाईंच्या हाताखाली एक मुलगी संशोधन करत होती. तिशीची होती, पण बाईंपुढे धाकटी, म्हणून सगळ्यांची धाकटीच. हुशार, आणि कायम घाईत. एकदा कोणीतरी माझे दार नीट न लावताच जेवायला गेले. रबर आधीच चिरलेले. दमट हवा आत शिरली आणि सगळ्या नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर चढला. धाकटी धावत आली. हातमोज्यांना स्पिरिट लागलेले होते, तशीच ती टोपणे अंगठ्याने पुसून आकडे वाचत सुटली. बेचाळीस नंबरच्या टोपणावर 'पो' होते. अंगठा वरून फिरला, काना राहिला, मात्रा गेली. 'पो'चे 'पा' झाले. त्याच गडबडीत बेचाळीसची दुसरी नळी, खरी पायाची, खालच्या खणामागे पडली आणि बर्फात गाडली गेली. धाकटीने वहीत लिहिले, 'बेचाळीस, पोटाची नळी सापडली नाही.' मी सगळे पाहत होतो. मला आवाज एकच, भोंगा, आणि तो फक्त थंडी कमी झाल्यावर वाजतो. मात्रा गेल्यावर वाजत नाही.

दोन वर्षांनी धाकटीने त्या नळीतला तुकडा वाचायला काढला. चिठ्ठी वाचणाऱ्या यंत्रातून, म्हणजे सिक्वेन्सरमधून, छोटी चिठ्ठी बाहेर आली ती त्याच नदीतल्या इतर एकेचाळीस शिंपल्यांशी मुळीच जुळेना. भावंड नाही, चुलत नाही, कुणीच नाही. धाकटी उड्या मारत बाईंना घेऊन आली. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इतकं लांबचं? पायच होता ना नक्की?"

"टोपणावर 'पा' आहे, बाई. हे बघा ना."

बाईंनी चष्मा लावून पाहिले आणि चष्मा काढला. "मामांचं अक्षर आहे. मग पायच असणार."

मामांच्या अक्षरावरचा तो विश्वास खोटा नव्हता, म्हणून तर मला जास्त वाईट वाटले. मोठी चिठ्ठी वाचली असती तर खरे-खोटे लगेच कळले असते, पण मोठ्या सिक्वेन्सरवर त्यांचा नंबर आठ महिन्यांनी लागणार होता. तेवढा दम कोणाला होता? शिंपल्याची नवीन जात सापडली होती, आणि धाकटीची सहा वर्षे सार्थकी लागत होती.

"नवीन जात म्हणजे नाव आपण ठेवायचं," धाकटी म्हणाली. "माझं ठरलंय. मामांचं नाव."

बाई हसल्या. "लॅटिनमध्ये मामा म्हटलं की आई होते गं. मामांची आई करतेस की काय?"

"मग खरं नाव घालू. पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत ते. निरोपाच्या दिवशी सांगू."

पण धाकटीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. संध्याकाळपर्यंत तिने मामांना सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी आले, फोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि स्पीकरवर घरी लावला.

"अगं, एका शिंपल्याला माझं नाव देणार आहेत. कायमचं. जगभर तेच म्हणायचं."

पलीकडून मामी म्हणाल्या, "शिंपल्याला? जरा मोठं काही नव्हतं का शिल्लक?"

मामा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "माझ्या बापाचं नाव पण लागणार गं त्यात, आडनाव म्हणजे त्यांचंच की." इतक्या वर्षांत मी मामांना इतके आनंदात पाहिले नव्हते, आणि माझा सगळा बर्फ कडू झाला होता.

निरोपाला चार दिवस उरले तेव्हा मामा मला वितळवायला आले. तीन-चार वर्षांतून एकदा मला बंद करून साठलेला बर्फ काढावा लागतो. ते काम नेहमी त्यांचेच. त्यांनी माझ्या नळ्या शेजारच्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवल्या, माझा प्लग काढला, आणि कोमट पाण्याचे मग ओतत बसले. मी बंद होतो, त्यामुळे खोलीत इतकी शांतता होती की त्यांचा श्वास ऐकू येत होता. खालच्या खणामागचा बर्फ सुटला आणि त्याच्याबरोबर एक नळी खळकन बाहेर आली.

मामांनी ती पुसली नाही. नुसती फुंकर मारली. टोपणावर लिहिले होते, बेचाळीस, 'पा'.

ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि धाकटीने वाचलेली नळी घेऊन आले. तिच्यावरही बेचाळीस, 'पा'. दोन्ही नळ्या बर्फाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून ते स्टुलावर बसले. मित्रांनो, शिंपल्याला पाय एकच असतो. हे माझ्यासारख्या पत्र्याच्या कपाटाला ठाऊक, मग मामांना सांगायला नको. त्यांच्या पायाशी कचऱ्याची बादली होती. तिच्यात बर्फाचा चिखल आणि फुटकी टोपणे. खोलीत दुसरे कोणी नव्हते. एक नळी त्या चिखलात पडली असती तर मामांचे नाव जगभर झाले असते. ते बराच वेळ बादलीकडे पाहत होते. खोटे कशाला सांगू, पाहत होते.

मग त्यांनी हाक मारली. "पोरी, जरा इकडे ये गं."

धाकटी आली. नवी नळी पाहून खूश झाली. "सापडली? म्हणजे बेचाळीसचं पोट!" मग तिने टोपण वाचले.

"दोन्हींवर 'पा' आहे," मामा म्हणाले. "त्याला दोन पाय कुठून फुटले?"

"तुमचीच चूक झाली असेल, मामा. लिहिताना."

"झाली असेल. पण आत बघ. हा चिवट तुकडा, कापलेल्या कडा अजून तशाच आहेत. आणि तुझ्या नळीत उरलंय ती साय आहे. सायीला पाय म्हणशील?" त्यांनी जुने टोपण उजेडात तिरके धरले. शाई गेली होती, पण मार्करच्या टोकाने दाबलेली एक बारीक रेघ कान्याच्या वर अजून दिसत होती. "इथं मात्रा होती. 'पो' आहे हे. बाप्या शिंपल्याचं पोट वाचलंस तू."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने दाराकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. "निबंध सोमवारी पाठवायचाय, मामा. ही नळी आजपर्यंत नव्हतीच. उद्याही नसली तर?"

"त्या शिंपल्याला माझं नाव लागणार ना?"

"हो. तुमचंच."

"मग तर नाहीच. माझ्या नावाचा एक शिंपला, आणि तो नदीत नाहीच. लोक शोधत बसतील गं. कंबरभर पाण्यात."

धाकटी तिथेच माझ्या दाराला टेकून रडली. सहा वर्षे, सहा वर्षे, एवढेच म्हणत होती. मामांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, "चल, बाईंना सांगू. मी आहे ना बरोबर. मात्रा मीच बारीक दिली असणार, तसं सांगतो."

"नाही मामा." तिने नाक पुसले. "मी पुसली. अंगठ्याने. हाताला स्पिरिट होतं." हे तिला तेव्हाच आठवले की आधीपासून मनात टोचत होते, ते मला कळले नाही. पण ती खरे बोलली, आणि माझ्या छातीवरचे मोठे ओझे उतरले.

बाईंनी दोन्ही नळ्या पाहिल्या. रागावल्या नाहीत, फक्त एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "पाय वाचा," म्हणाल्या. "आणि मामा, मीही चष्मा फार लवकर काढला हो." पायाचा तुकडा वाचायला गेला. आठवड्याने उत्तर आले. बेचाळीसची आईकडची चिठ्ठी बाकीच्या एकेचाळिसांसारखी निघाली. साधा, नेहमीचा नर शिंपला. त्या नदीतल्या शिंपल्यांच्या बापांचे घराणे धाकटीने पहिल्यांदा वाचले होते, हे कामाचे होते, पण त्याला टाळ्या पडत नाहीत. तिला निबंध पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावा लागला.

निरोप माझ्याच खोलीत झाला. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून दोघे जण माझ्या अंगावर रेलून उभे होते. उत्तर अजून यायचे होते, तरी काय येणार ते तिघांना ठाऊक होते. जाहीर करायचे ते जाहीर झाले नाही. बाई चांगले बोलल्या. धाकटी उठली आणि दोन वाक्यांत खाली बसली. जाताना मामींनी विचारले, "अहो, त्या शिंपल्याचं काय झालं?"

"नेहमीचाच निघाला."

"असू दे," मामी म्हणाल्या. "तोंड मिटून बसणारा एक घरात आहे, तेवढा पुरे मला." मामा हसले, पण त्या दिवशी खोकला येण्याइतके नाही.

त्यानंतर वर्षभरातच माझा कॉम्प्रेसर बसू लागला. नवीन फ्रीजर आला. चकचकीत, स्वतःहून बोलणारा. माझ्यातले सगळे त्याच्यात हलवायचे होते, पण अकराशे टोपणांवरची अक्षरे कुठे फिकी, कुठे अर्धी. बाईंनी मामांना घरून बोलावून घेतले. तीन दिवस ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. नळी हातात घ्यायची, उजेडात धरायची, वाचायची, आणि अडले की आतला तुकडा पाहून सांगायचे. धाकटी संगणकावर उतरवून घेत होती. आता 'पा' नाही, 'पो' नाही. 'पाय', 'पोट', पूर्ण शब्द.

उद्या मला न्यायला भंगाराची गाडी येणार आहे. तक्रार नाही, मी खरोखरच दमलो आहे. मित्रांनो, जाण्याआधी एकच मागणे. वस्तूवर काही लिहाल तर दुसऱ्याला वाचता येईल असे लिहा. जुने अक्षर पुसट दिसले तर अंगठा फिरवू नका आणि अंदाजही करू नका. ज्याने ते लिहिले तो माणूस कुठेतरी गुडघे चोळत बसलेला असतो. तो आहे तोवर त्याच्याकडे जा आणि विचारा. माझ्यासारख्याला विचारून उपयोग नाही, मी नुसता थंड राहू शकतो.

नळ्या वाचण्याच्या त्या कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची नळी वाचून झाली. धाकटीने यादी छापून मामांच्या हातात दिली, बरोबर आहे ना ते बघायला. मामा कागद लांब धरून वाचू लागले. आकडा, नदी, तारीख, पाय की पोट. शेवटचा एक रकाना होता, 'नमुना कोणी गोळा केला'. त्यात त्यांचे नाव होते, वडिलांच्या नावासह, आडनावासह. मामांचे बोट त्या रकान्यावरून खाली सरकत गेले. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

"अगं, पहिल्या ओळीत लिहून खाली नुसत्या टिंबांनी भागलं असतं की. सगळीकडे मीच?"

"सगळीकडे तुम्हीच होतात, मामा," धाकटी म्हणाली.

मामांनी पाने सारखी केली. घडी पडू नये म्हणून ती दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पिशवीत ठेवली. मग भिंतीला हात धरून उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा प्लग काढला.